रॉलिन्सच्या लोहाराची गाडी

उन्हाळ्यात वायोमिंगमधून यलोस्टोनकडे आरव्हींची रीघ लागते. या फिरत्या घरांचं मूळ सहसा न्यूयॉर्कमध्ये शोधलं जातं. पीअर्स-ॲरो कंपनीने १९१० साली तिथल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 'टूरिंग लँडो' मांडली होती. मागच्या सीटचा पलंग होणारी ही श्रीमंतांची मोटार. इंजिनापुरतं ते खरंच आहे. पण आतल्या घराचं कूळ मला याच डोंगराळ मुलुखातलं वाटतं, आणि ते सहलीतून नव्हे, मेंढ्या राखण्यातून आलेलं आहे.

वायोमिंगचा मेंढपाळ महिनोन्‌महिने कळपामागे एकटा फिरायचा. तिथल्या हिवाळी वाऱ्यात तंबूत दिवस काढणं जिवावरचं काम. रॉलिन्स या रेल्वेच्या गावातल्या जेम्स कँडलिश नावाच्या लोहाराने १८८४ मध्ये पहिली 'शीप वॅगन' बांधली, असं मानतात. खाली घोड्यांच्या मालगाडीचा सांगाडा, वर लाकडी कमानी आणि त्यांवर ताणलेलं कॅनव्हास. गाडी मुळात अरुंद, म्हणून चाकांच्या वरच्या बाजूला ती दोन्हीकडे रुंद केली. त्या वाढीव जागेत बाकं बसली आणि बाकांखाली शिधासामान. मागे आडवा पलंग. त्याच्याखालून टेबल ओढून काढायचं, जेवण झालं की परत आत सरकवायचं. दाराशी लोखंडी चूल, तिचं धुराडं छतातून बाहेर. दारसुद्धा दोन तुकड्यांचं. खालचा तुकडा लावून वरचा उघडा ठेवला, की आतूनच लगाम धरून गाडी हाकता यायची. इतक्या थोड्या जागेत एका माणसाचा सगळा संसार बसवणं ही फार मोठी कारागिरी आहे. आजच्या छोट्या आरव्हीतही आडवा पलंग, बाकाखालचे कप्पे आणि नाहीसं होणारं टेबल हीच मांडणी दिसते.

फिरती घरं बनवणारी एअरस्ट्रीम कंपनी काढणारा वॉली बायम या मेंढपाळी जगातूनच आला. १८९६ साली ओरेगनमधल्या बेकर सिटीत जन्मलेल्या बायमने पोरवयात मेंढ्या राखल्या. तेव्हा एक गाढवगाडी हेच त्याचं घर होतं. तिच्यात रॉकेलचा स्टोव्ह, शिधा आणि पाण्याची बादली. १९३६ साली त्याच्या कंपनीची ॲल्युमिनियमची 'क्लिपर' ही मोटारीमागे ओढायची गाडी रस्त्यावर आली, तिच्यात चौघांची झोपायची सोय होती.

उंच डोंगरात मात्र शीप वॅगनही चढत नसे. तिथे मेंढपाळ सामान घोड्यांवर लादून तंबू घेऊन जायचा. मोठ्या आरव्हीचंही तसंच आहे. मोंटानातल्या ग्लेशियर उद्यानाचा गोइंग-टू-द-सन रस्ता १९३३ मध्ये खुला झाला. त्याच्या घाटाच्या भागात २१ फुटांहून लांब वाहनाला आजही मज्जाव आहे, त्यामुळे मोठी आरव्ही खालीच ठेवावी लागते.

शीप वॅगन अजून संपलेली नाही. पेरूहून हंगामी व्हिसावर आलेले मेंढपाळ वायोमिंग आणि युटामध्ये आजही तशाच गाड्यांत राहतात. आरव्हीत आता शॉवर आहे, फ्रीज आहे. त्यांच्या गाडीत पुष्कळदा पाण्याचा नळही नसतो, आणि अमेरिकेतल्या मेंढीपालनाचा मोठा भार याच माणसांवर आहे.