ग्रँड सेंट्रल टर्मिनलचे नूतनीकरण

ग्रँड सेंट्रल टर्मिनल हे अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागातील रेल्वे स्थानक आहे. १९९० च्या दशकात या स्थानकाची इमारत, दुकाने व प्रवासी सुविधा यांचे मोठ्या प्रमाणावर नूतनीकरण करण्यात आले. बायर ब्लाइंडर बेल या वास्तुरचनाकार संस्थेने त्याचा आराखडा तयार केला होता. सुमारे २० कोटी डॉलर खर्चाच्या या कामानंतर १ ऑक्टोबर १९९८ रोजी वास्तूचे पुनर्लोकार्पण झाले. येथे गाड्यांचा प्रवास संपतो किंवा सुरू होतो, म्हणून नावात ‘टर्मिनल’ हा शब्द आहे. मुंबईकरांच्या परिचयाचा ‘टर्मिनस’ हा शब्दही त्याच अर्थाचा.

पार्श्वभूमी

स्थानकाची सध्याची इमारत २ फेब्रुवारी १९१३ रोजी खुली झाली. रीड अँड स्टेम आणि वॉरेन अँड वेटमोर या दोन संस्थांनी तिची रचना केली. वरच्या मजल्यावर लांब पल्ल्याच्या व खालच्या मजल्यावर उपनगरी गाड्या अशी मूळ योजना होती. मजले जिन्यांऐवजी प्रामुख्याने उतारांनी जोडलेले असल्यामुळे सामान घेऊन जाणाऱ्यांची सोय होत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर महामार्ग आणि विमानसेवा वाढल्या व रेल्वे कंपन्यांचे उत्पन्न घटले. न्यूयॉर्कमधील पेन्सिल्व्हेनिया स्थानकाची भव्य इमारत १९६३ पासून पाडण्यात आली. त्यामुळे जनमत क्षुब्ध झाले आणि १९६५ मध्ये शहराने वारसावास्तू संरक्षणाचा कायदा केला. ग्रँड सेंट्रलला १९६७ मध्ये या कायद्याचे संरक्षण मिळाले. तरीही मालक कंपनीने स्थानकावर ५५ मजली मनोरा बांधण्याची योजना पुढे आणली. वास्तुरचनाकार मार्सेल ब्रॉयर यांनी तिचे आराखडे केले होते. शहराने परवानगी नाकारताच कंपनी न्यायालयात गेली. इमारत वाचवण्याच्या चळवळीत जॅकलिन केनेडी ओनासिस अग्रभागी होत्या. २६ जून १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी मालकाच्या बांधकाम-हक्कावर निर्बंध घालता येतात, हे तत्त्व या निकालाने पक्के झाले.

दुरवस्था

खटला जिंकला तरी इमारत गळतच राहिली. मुख्य दालनाच्या पूर्वेकडील सज्जावर १९५० पासून कोडॅक कंपनीचे १८ फूट उंच व ६० फूट रुंद जाहिरातचित्र होते. ते १९९० मध्ये उतरवण्यात आले. १९८० च्या दशकात अनेक बेघर माणसे प्रतीक्षागृहाच्या बाकांवर रात्र काढत. १९८३ मध्ये मेट्रो-नॉर्थ या उपनगरी रेल्वेने कारभार हाती घेतल्यावर छपराच्या दुरुस्तीला प्राधान्य मिळाले. १९९४ मध्ये तिच्या पालक प्राधिकरणाने दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा केला, आणि मोठा खर्च करण्याचे धैर्य त्यानंतरच आले.

छत व जिना

मुख्य दालनाच्या हिरवट निळ्या छतावर राशी व तारकासमूह रंगवलेले आहेत. मूळ चित्र गळतीने खराब झाल्यामुळे १९४० च्या दशकात त्याखाली फळ्या बसवून चित्र नव्याने रंगवले गेले. आज दिसते ते हेच. त्यातील बहुतेक आकृत्या प्रत्यक्ष आकाशाच्या तुलनेत उलट आहेत. नूतनीकरणात काजळीचे थर हलक्या हाताने धुऊन काढण्यात आले. हा मळ मुख्यतः तंबाखूच्या धुराचा असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. कर्क राशीजवळचा एक लहान काळा चौकोन मात्र मुद्दाम न धुता ठेवला आहे. स्वच्छतेपूर्वी छत कसे होते हे एवढ्याशा डागावरून चटकन कळते.

पूर्वेकडचा जिना मूळ आराखड्यात होता, पण १९१३ मध्ये बांधला गेला नव्हता. तो आता उभारताना दगड जुळावा म्हणून टेनेसी राज्यातील जुनी खाण पुन्हा उघडण्यात आली. जो मूळ इमारतीत कधी नव्हताच तो जिना बांधणे हे जतन म्हणावे का, हा आक्षेप वाजवी होता. त्यामुळे पश्चिमेकडील जिन्याची हुबेहूब नक्कल टाळून नवा जिना थोडा साधा ठेवला गेला.

दुकाने व प्रवासी

खालच्या मजल्यावरील दालनात खाद्यगृहे आली. लेक्सिंग्टन मार्गाच्या बाजूस १९९९ मध्ये खाद्यपदार्थांची बाजारपेठ सुरू झाली. उतारांवर नंतरच्या काळात उभी राहिलेली तिकीट कार्यालये काढल्याने त्यांची मूळ उंची पुन्हा मोकळी झाली. १९१३ पासूनचे ऑयस्टर बार हे उपाहारगृह टिकून राहिले. १९९७ च्या आगीत त्याच्या कमानदार छताच्या फरशांची हानी झाली होती, ती दुरुस्त करण्यात आली.

दुकानांच्या भाड्यातून देखभालीला हातभार लागतो. परंतु जुन्या प्रतीक्षागृहातील लाकडी बाके गेली आणि ‘व्हँडरबिल्ट हॉल’ या नावाने ती जागा समारंभ, प्रदर्शने व नाताळच्या बाजारासाठी वापरली जाऊ लागली. खरेदी न करता गाडीची वाट पाहत बसणाऱ्या प्रवाशाला जागा कमी उरली, आणि बाकांवर झोपणाऱ्यांना उरलीच नाही. कोडॅकचे चित्र ज्या सज्जावर होते तेथे डिसेंबर २०११ मध्ये ॲपल कंपनीचे दुकान उघडले.

प्राधिकरणाने २०२० मध्ये स्थानकाची मालकी विकत घेतली. जानेवारी २०२३ पासून जमिनीखाली खोलवर बांधलेल्या ग्रँड सेंट्रल मॅडिसन या नव्या भागातून लाँग आयलंड रेल्वेच्या गाड्या सुटतात.