तक्रारीचे गाणे आणि बाजारपेठ : ‘विर जिंट हेल्डन’ या जर्मन बँडची वाटचाल (२०००–२०१२)

प्रस्तावना :

लोकप्रिय संगीत हे इतिहासाचे साधन मानावे की नाही, याविषयी आपल्याकडे अद्याप काहीशी उदासीनता दिसते. वस्तुतः एखाद्या समाजाला विशिष्ट काळात कोणत्या गोष्टी खुपत होत्या, हे त्या काळातील गाण्यांतून अनेकदा सरकारी कागदपत्रांपेक्षा लवकर कळते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीत गाजलेला ‘विर जिंट हेल्डन’ (अर्थ : ‘आम्ही नायक आहोत’) हा बँड या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. ग्राहकवादी संस्कृतीवर टीका करणारी गाणी याच बँडने त्या संस्कृतीच्या बाजारपेठेत मोठ्या संख्येने विकली. हा विरोधाभास त्याने कसा पेलला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका :

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीतील तरुण पिढीचे संगीत प्रामुख्याने इंग्रजी राहिले. जर्मन भाषेतील लोकप्रिय गाणे म्हणजे ‘श्लागर’ हा भावविवश, निरुपद्रवी गीतप्रकार, असे समीकरण रूढ होते. १९८० च्या दशकारंभी ‘नवी जर्मन लाट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रवाहाने ते काही काळ मोडले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेले नेना या गायिकेच्या बँडचे ‘९९ लुफ्टबालोन्स’ हे शीतयुद्धाच्या भीतीवरील गाणे जर्मनीबाहेरही पोहोचले. ही लाट लवकरच ओसरली. पुढे १९९० च्या दशकात हॅम्बुर्ग शहरातील ‘ब्लुमफेल्ड’, ‘टोकोट्रोनिक’ इत्यादी बँडनी विचारप्रधान जर्मन गीतरचना पुन्हा प्रतिष्ठित केली. हा प्रवाह बहुतांशी पुरुषांचा होता आणि त्याचा श्रोतृवर्गही मर्यादित होता.

‘विर जिंट हेल्डन’ची प्रमुख गायिका आणि गीतकार यूडिट होलोफेर्नेस हिचा जन्म १९७६ मध्ये बर्लिन येथे झाला व बालपण फ्रायबुर्ग या दक्षिणेकडील विद्यापीठनगरीत गेले. ‘होलोफेर्नेस’ हे तिने घेतलेले नाव आहे. यूडिट नावाच्या विधवेने होलोफेर्नेस या सेनापतीचा शिरच्छेद केल्याची जुनी कथा युरोपीय चित्रकलेत प्रसिद्ध आहे. त्या कथेतील मारणारी आणि मारला गेलेला अशी दोन्ही नावे या गायिकेने स्वतःकडे घेतली, यातच तिचा विनोद दिसतो. बर्लिनच्या कला विद्यापीठात तिने सामाजिक व व्यावसायिक संज्ञापन हा विषय अभ्यासला होता. जाहिरातीची भाषा कशी घडवली जाते याचे शिक्षण तिला मिळाले होते, ही बाब पुढील घटनांच्या संदर्भात महत्त्वाची ठरते.

हॅम्बुर्ग येथील संगीत महाविद्यालयाच्या लोकप्रिय संगीताच्या अभ्यासक्रमात ड्रमवादक पोला रॉय आणि गिटार व कीबोर्डवादक जाँ-मिशेल तुरेत यांच्याशी तिची ओळख झाली. बास गिटारवादक मार्क ताव्हासोल नंतर येऊन मिळाला.

‘तक्रार’ :

२००२ मध्ये या चौघांनी ‘गुटन टाग’ (‘नमस्कार’) ही छोटी ध्वनिमुद्रिका स्वतःच प्रसिद्ध केली. दुकानात सदोष माल परत करण्यास आलेल्या ग्राहकाची भूमिका घेऊन अखेर आपले आयुष्यच परत मागणारी व्यक्ती, ही त्यातील शीर्षकगीताची मध्यवर्ती कल्पना होय. मोठ्या कंपनीशी करार नसतानाही हे गाणे नभोवाणीवर आणि संगीतवाहिन्यांवर वाजू लागले. त्यानंतर ईएमआय या बहुराष्ट्रीय कंपनीशी संलग्न असलेल्या ‘लेबल्स’कडून जुलै २००३ मध्ये ‘डी रेक्लामात्सिओन’ हा पहिला अल्बम आला.

या शीर्षकाकडे थोडे बारकाईने पाहावे लागते. जर्मन भाषेत ‘रेक्लामात्सिओन’ म्हणजे विकत घेतलेल्या वस्तूविषयी विक्रेत्याकडे केलेली तक्रार. तर ‘रेक्लामे’ म्हणजे जाहिरात. दोन्ही शब्द कानाला एकमेकांच्या अगदी जवळचे वाटतात. जाहिरातीच्या पोटातूनच तक्रार उमटावी, अशी ही योजना आहे. तत्कालीन वातावरणही तिला अनुकूल होते. १९९९ मध्ये सिएटल येथे जागतिक व्यापार संघटनेविरुद्ध आणि २००१ मध्ये जेनोआ येथे जी-८ परिषदेविरुद्ध मोठी निदर्शने झाली होती. मार्च २००३ मध्ये चॅन्सेलर गेरहार्ड श्रोडर यांनी ‘अजेंडा २०१०’ हा श्रमबाजार व कल्याणकारी योजनांच्या फेररचनेचा कार्यक्रम जाहीर केला. बेरोजगाराने स्वतःच अधिक प्रयत्न करावेत, हा त्यामागील सूर होता. याच अल्बममधील ‘म्युसन नूअर वोलन’ (‘फक्त इच्छा हवी’) हे गाणे इच्छाशक्तीच्या या उपदेशाची खिल्ली उडवते. श्रोडर यांच्या कार्यक्रमाला दिलेले ते थेट उत्तर मानण्याचे कारण नाही. परंतु त्या वर्षी ते ऐकणाऱ्या तरुणाला संदर्भ शोधत जावे लागले नसेल, एवढे निश्चित म्हणता येते.

अल्बम गाजला. २००४ मध्ये बँडला ‘एको’ हे जर्मन संगीत उद्योगाचे पुरस्कार मिळाले (हे पुरस्कार २०१८ मधील वादानंतर बंद करण्यात आले). ज्या उद्योगावर तक्रार नोंदवली, त्यानेच तक्रारदाराचा सत्कार केला.

लाटेच्या पुढे आणि लाटेच्या आत :

२००४ मध्ये गीसन येथील ‘युली’ आणि बाउत्सन येथील ‘झिल्बरमोंड’ या बँडचे पहिले अल्बम आले. दोहोंच्या अग्रभागी गायिका होत्या आणि दोघेही जर्मन भाषेत गात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जर्मन संसदेने, नभोवाणी केंद्रांनी सुमारे ३५ टक्के जर्मन संगीत स्वेच्छेने वाजवावे, असे आवाहन करणारा ठराव संमत केला. एकूण ‘जर्मन भाषेत गाणारी तरुण स्त्री’ हा विक्रीयोग्य साचा तयार झाला. ‘विर जिंट हेल्डन’कडे या साच्याचा आरंभ म्हणून पाहिले गेले, हे त्याच्यावर काहीसे अन्यायकारक आहे, कारण त्याची शब्दकळा उपरोधिक होती आणि नंतरच्या अनेकांची नव्हती.

एप्रिल २००५ मधील ‘फॉन हिअर आन ब्लिंट’ (‘इथून पुढे आंधळेपणाने’) हा दुसरा अल्बम जर्मन विक्रीयादीत प्रथम स्थानी पोहोचला. मे २००७ मध्ये तिसरा अल्बम ‘झोउंडझो’ आला. त्यातील ‘एंडलिश आइन ग्रुंट त्सुअर पानिक’ (‘अखेर घाबरण्यास कारण मिळाले’) हे गाणे सुरक्षेच्या नावाखाली पसरवल्या जाणाऱ्या भीतीविषयी आहे. दरम्यान होलोफेर्नेस व पोला रॉय यांचा विवाह झाला होता आणि २००६ च्या अखेरीस त्यांना पहिले मूल झाले होते. नवा अल्बम, दौरा आणि काही महिन्यांचे मूल हे सर्व एकाच वेळी सांभाळावे लागले. संगीत उद्योगाचे वेळापत्रक ज्या कलावंतास गृहीत धरून आखलेले असते, त्याच्या घरी मुलांकडे पाहणारे दुसरे कोणीतरी असते. येथे आई आणि वडील एकाच बँडमध्ये होते. ऑगस्ट २०१० मधील चौथ्या अल्बमचे शीर्षक ‘ब्रिंग मिश नाख हाउझे’, म्हणजे ‘मला घरी ने’, असे होते.

नकारपत्र :

या वाटचालीतील निर्णायक प्रसंग फेब्रुवारी २०११ मधील आहे. आक्सेल श्प्रिंगर प्रकाशनसंस्थेचे ‘बिल्ड’ हे १९५२ पासून निघणारे, प्रचंड खपाचे व सनसनाटी वृत्तपत्र. १९६८ च्या विद्यार्थी चळवळीने त्यास प्रमुख शत्रू मानले होते आणि १९७४ मध्ये हाइनरिश ब्योल यांनी अशाच वृत्तपत्राने उद्ध्वस्त केलेल्या स्त्रीची कथा कादंबरीत मांडली होती. ‘बिल्ड’च्या जाहिरातमोहिमेत नामवंत व्यक्ती या पत्राविषयी आपले मत देत, विरोधी मतासही मुभा होती. मोबदला म्हणून त्यांनी निवडलेल्या सेवाकार्यास १०,००० युरो दिले जात. ‘यूंग फॉन माट’ या जाहिरातसंस्थेने होलोफेर्नेसला विचारणा केली, तेव्हा तिने बँडच्या संकेतस्थळावर जाहीर नकार दिला. ‘बिल्ड’ ही निरुपद्रवी करमणूक नसून धोकादायक राजकीय साधन आहे, असे तिचे प्रतिपादन होते. टीकाकारालाही सामावून घेणारी ही मोहीम टीकेची धार कशी काढून घेते, हे तिने नेमके ओळखले. संज्ञापनाच्या विद्यार्थिनीचा हा खरा प्रबंध म्हणावा लागेल.

पुढे जे घडले ते अधिक बोधक आहे. ‘बिल्ड’ने तिचे नकारपत्रच स्वतःची जाहिरात म्हणून ‘टाझ’ या डाव्या विचारांच्या दैनिकात छापून आणले. नकार ही विक्रीयोग्य वस्तू ठरली. यावरून नकार व्यर्थ होता असा निष्कर्ष काढणे मात्र उथळपणाचे होईल. पत्र हजारोंनी वाचले आणि ‘बिल्ड’विषयीची चर्चा एका नव्या पिढीत सुरू झाली. शिवाय मोहिमेत सहभागी होऊन टीका करणे आणि सहभाग नाकारणे यांतील भेद त्यामुळे स्पष्ट झाला. पहिल्यात शब्द कलावंताचे असतात, चौकट जाहिरातदाराची असते. दुसऱ्यात चौकट मागाहून, संमतीविना चढवली जाते.

एप्रिल २०१२ मध्ये बँडने अनिश्चित काळासाठी थांबत असल्याचे जाहीर केले. दौऱ्यांचे जीवन आणि कुटुंब यांचा मेळ घालणे कठीण झाले होते. ताव्हासोलने अभिनेता व निवेदक क्लास हॉयफर-उमलाउफ याच्यासह ‘ग्लोरिया’ हा बँड काढला. होलोफेर्नेसचे २०१४ व २०१७ मध्ये स्वतंत्र अल्बम आले. २०२२ मध्ये तिने ‘डी ट्रॉयमे आंडरर लॉइटे’ (‘इतरांची स्वप्ने’) हे आत्मपर पुस्तक प्रसिद्ध केले. बँडनंतरची वर्षे, प्रकृतीची हानी आणि संगीत व्यवसायातून बाहेर पडण्याचा प्रवास त्यात आला आहे.