शिक्षणयंत्र आणि चूक

सिडनी प्रेसी यांनी १९२४ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडलेले यंत्र विद्यार्थ्यापुढे पर्याय ठेवी. योग्य कळ दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न न येण्याची सोयही त्यात होती. बी. एफ. स्किनर यांनी १९५४ च्या सुमारास आपल्या यंत्रातून हे पर्यायच काढून टाकले. उत्तर विद्यार्थ्यानेच घडवावे, असा त्यांचा आग्रह होता. हा भेद कारागिरीचा नव्हे, अध्ययनविषयक उपपत्तीचा होय. दृढीकरणाच्या तत्त्वानुसार जे घडते व ज्याला पुष्टी मिळते तेच रुजते. म्हणून खरे भासणारे चुकीचे पर्याय दाखविणे त्यांना अपायकारक वाटे, आणि पाठाच्या पायऱ्या इतक्या लहान ठेवल्या जात की चूक सहसा होऊच नये. नॉर्मन क्राउडर यांनी त्याच दशकात उलट वाट धरली. चुकीचा पर्याय निवडणाऱ्यास त्या विशिष्ट चुकीचा उलगडा करणाऱ्या पानाकडे पाठविले जाई.

भाषेच्या अभ्यासकास येथे स्किनर यांची बाजू लंगडी वाटते. ‘केले’ऐवजी ‘करले’ म्हणणाऱ्या मुलाने ते रूप मोठ्यांच्या तोंडून उचललेले नसते. नियम हाती आल्याचीच ती खूण असते. चॉम्स्की यांनी १९५९ साली स्किनर यांच्या भाषाविषयक ग्रंथावर केलेल्या टीकेचा रोखही, दृढीकरणाने भाषार्जन उलगडत नाही, याकडेच होता. मात्र उत्तराचा निकाल विद्यार्थ्याला तत्काळ कळावा, याविषयी प्रेसी, स्किनर आणि क्राउडर या तिघांत मतभेद नव्हता.