नाकावर पंखा नसलेलं विमान

इंग्लंडमधलं क्रॅनवेल, १५ मे १९४१ची संध्याकाळ. दिवसभर ढगांनी अडवून धरलं होतं, आता कुठे उघडलंय. तुम्ही गार वाऱ्यात कॉलर वर करून उभे आहात. समोरचं ग्लॉस्टर विमान जमिनीला इतकं लगटून आहे की बुटकंच वाटतं. मग लक्षात येतं, नाकावर पंखा नाही. पाती जमिनीला घासायची भीती नाही, तर चाकांचे पाय उंच कशाला?

पिस्टन इंजिनाचा पंखा भरपूर हवा बेताच्या वेगाने मागे लोटतो. इथे नाकातल्या तोंडातून हवा आत शिरते. मिनिटाला सोळा हजारांहून अधिक फेरे घेणारं चाक ती दाबतं, दहा ज्वलनकक्षांत रॉकेल पेटतं, आणि तापलेला वायू टर्बाइन फिरवून शेपटीतून सुसाट सुटतो. टर्बाइनची कमाई त्या चाकालाच खर्ची पडते. झोताचा रेटा भरतो सुमारे ३९० किलो.

हा झोत मागच्या हवेला टेकून विमान ढकलतो, असं तुम्हालाही वाटत असेल. तसं नाही. होडीतून धोंडा मागे भिरकावला की होडी पुढे सरकते. धोंडा कुठे आपटतो याच्याशी तिला देणंघेणं नसतं. म्हणून तर स्वतःचा ऑक्सिजन नेणारं रॉकेट निर्वात पोकळीतही पुढे जातं.

वैमानिक जेरी सेयर इंजिनाचा जोर वाढवतात. कर्कश शीळ चढत जाते. सुमारे ५५० मीटर धावून विमान उचललं जातं, आणि १७ मिनिटं हवेत राहतं. पाहणाऱ्यांत फ्रँक व्हिटल आहेत, एकेकाळी इथलेच कॅडेट. या इंजिनाचं त्यांचं १९३०चं पेटंट १९३५मध्ये पाच पौंडांच्या शुल्काअभावी रद्द झालं. हे वाचलं की आजही जीव तुटतो.

पण झोत खर्चिक आहे. तेवढीच हवा दुप्पट वेगाने फेकली तर रेटा दुप्पट मिळतो, ऊर्जा मात्र चौपट लागते. त्यापेक्षा जास्त हवा सावकाश फेकलेली स्वस्त. म्हणून आता अमेरिकेत एव्हरेटला चला, ९ फेब्रुवारी १९६९. पहिलं बोइंग ७४७ उडतंय. त्याच्या इंजिनांत शिरणाऱ्या हवेच्या सहा भागांपैकी जवळपास पाच भाग ज्वलनकक्षाला वळसा घालून थंडच मागे जातात. ही वाट व्हिटलनी १९३६च्या पेटंटातच आखली होती.