सेसिल घराणे

ब्रिटनच्या राजकारणातील एक विख्यात उमराव घराणे. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या घराण्यातील अनेक पुरुषांनी सचिव, कोशाध्यक्ष, पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री, भारतमंत्री, तसेच हाउस ऑफ लॉर्ड्‌सचा नेता अशी उच्च पदे भूषविली. इंग्लंडमधील बहुतेक जुनी सरदार घराणी रणांगणावरील पराक्रमातून उदयास आली. सेसिल घराण्याचा उदय मात्र राजदरबारातील लेखणीतून झाला. राजसत्तेची सेवा करून मिळविलेले स्थान लोकसत्तेच्या युगात कसे टिकवावे, हा पुढील काळात या घराण्यापुढील मुख्य प्रश्न ठरला आणि त्याची त्याने दिलेली उत्तरे ब्रिटिश संसदेच्या व काही अंशी भारताच्याही इतिहासाशी निगडित आहेत.

उदय : वेल्सच्या सीमाभागातील हे कुटुंब मूळचे मध्यम स्थितीतील होते. डेव्हिड सेसिल याने सातव्या हेन्रीच्या काळात राजसेवा पतकरली व लिंकनशर परगण्यातील स्टॅमफर्ड येथे तो स्थायिक झाला. त्याचा मुलगा रिचर्ड हा आठव्या हेन्रीच्या दरबारी नोकरीस होता. रिचर्डचा मुलगा विल्यम सेसिल (१३ सप्टेंबर १५२०–४ ऑगस्ट १५९८) हा घराण्याच्या वैभवाचा खरा संस्थापक होय. केंब्रिज येथे शिक्षण घेतल्यावर तो १५५० मध्ये सहाव्या एडवर्डचा सचिव झाला. कॅथलिक पंथीय मेरी ट्यूडरच्या कारकीर्दीत बाह्यतः धर्मांतर मान्य करून, परंतु उच्च पदांपासून दूर राहून, त्याने स्वतःस सुरक्षित ठेवले. नोव्हेंबर १५५८ मध्ये एलिझाबेथ हॅटफील्ड येथे असताना तिला राज्यप्राप्तीची वार्ता कळली आणि तिने तत्काळ सेसिलची सचिवपदी नेमणूक केली. तेव्हापासून मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षे, तो तिचा प्रमुख सल्लागार होता.

१५६० च्या एडिंबरो तहाने त्याने स्कॉटलंडमधील फ्रेंच वर्चस्व संपुष्टात आणले. प्रॉटेस्टंट राज्यव्यवस्थेची स्थापना, काटकसरीचा राज्यकारभार व शक्य तोवर युद्ध टाळणे, ही त्याच्या धोरणाची मुख्य सूत्रे होती. १५७१ मध्ये त्यास बॅरन बर्ली हा किताब मिळाला आणि पुढच्याच वर्षी तो कोशाध्यक्ष झाला. स्कॉटलंडची राणी मेरी हिच्या देहान्त शिक्षेची अंमलबजावणी १५८७ मध्ये त्याच्याच पुढाकाराने झाली. त्यामुळे काही काळ त्याला एलिझाबेथच्या रोषास तोंड द्यावे लागले, परंतु त्याचे स्थान ढळले नाही. स्टॅमफर्डजवळील बर्ली हाउस हा प्रासाद त्यानेच बांधविला.

त्याच्या दोन मुलांपासून घराण्याच्या दोन शाखा निर्माण झाल्या. थोरला टॉमस हा एक्सिटरचा अर्ल झाला व बर्ली हाउस त्याच्या वंशाकडे राहिले. धाकटा रॉबर्ट सेसिल (१५६३–२४ मे १६१२) याच्याकडे वडिलांचा राजकीय वारसा आला. शरीराने लहान व पाठीत वाकलेला हा मुत्सद्दी १५९६ मध्ये सचिव झाला. स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्सशी गुप्त पत्रव्यवहार करून त्याने १६०३ मध्ये एलिझाबेथनंतरचे सत्तांतर रक्तपाताविना घडवून आणले. १६०४ मध्ये स्पेनशी तह झाला आणि १६०५ मध्ये संसदगृह सुरुंगाने उडवून देण्याचा कट उघडकीस आला. त्याच वर्षी जेम्सने त्यास सॉल्झबरीचा अर्ल केले. कोशाध्यक्ष या नात्याने १६१० मध्ये त्याने संसदेपुढे एक योजना मांडली. राजाने आपले जुने सरंजामी हक्क सोडावेत व त्या बदल्यात संसदेने त्याला प्रतिवर्षी दोन लक्ष पौंड द्यावेत, असे तिचे स्वरूप होते. ही योजना फसली. राजा व संसद यांतील आर्थिक तंटा मिटविण्याची ती एक मोठी संधी होती आणि त्या तंट्याची परिणती पुढे यादवी युद्धात झाली. जेम्सशी थिओबाल्ड्‌स या आपल्या वाड्याची अदलाबदल करून रॉबर्टने १६०७ मध्ये हॅटफील्ड मिळविले व तेथे नवा प्रासाद उभारला. तेव्हापासून हॅटफील्ड हाउस हे सॉल्झबरी शाखेचे निवासस्थान आहे.

मध्यंतरीचा काळ : रॉबर्टनंतर सुमारे दोन शतके या शाखेत पहिल्या प्रतीचा राजकारणी निपजला नाही. दुसऱ्या अर्लने यादवी युद्धात संसदेचा पक्ष घेतला. चौथ्याने कॅथलिक पंथ स्वीकारल्यामुळे त्यास टॉवरमध्ये कारावास भोगावा लागला. सातव्या अर्लला १७८९ मध्ये मार्क्विस हा किताब मिळाला. दुसऱ्या मार्क्विसचा १८२१ मध्ये फ्रान्सिस गॅस्कॉइन या धनाढ्य वारसकन्येशी विवाह झाल्यापासून घराण्याचे आडनाव गॅस्कॉइन-सेसिल असे झाले. वंशपरंपरेने जमीन व किताब टिकतात, परंतु कर्तृत्व टिकतेच असे नाही, याचे हा कालखंड उत्तम उदाहरण आहे.

तिसरा मार्क्विस : रॉबर्ट आर्थर टॅलबट गॅस्कॉइन-सेसिल (३ फेब्रुवारी १८३०–२२ ऑगस्ट १९०३) याने घराण्यास पुन्हा अग्रस्थानी आणले. ईटन व ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेतल्यावर तो १८५३ मध्ये एक्सिटर शाखेच्या प्रभावाखालील स्टॅमफर्ड मतदारसंघातून बिनविरोध निवडून आला. वडिलांच्या इच्छेविरुद्ध १८५७ मध्ये विवाह केल्याने त्याला काही वर्षे नियतकालिकांत लेखन करून चरितार्थाला हातभार लावावा लागला. लोकशाही म्हणजे संख्येच्या बळावर मालमत्तेवर होणारे आक्रमण, ही त्याची भूमिका या लेखांत तीव्रतेने व्यक्त झाली आहे. डिझरेलीने मताधिकार विस्ताराचे विधेयक आणताच १८६७ मध्ये त्याने मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

ते मंत्रिपद भारतमंत्र्याचे होते. जुलै १८६६ मध्ये त्याने ते स्वीकारले, तेव्हा ओरिसात भीषण दुष्काळ पडला होता. बंगाल सरकारच्या आश्वासक अहवालांवर विसंबून त्याने सुरुवातीचे दोन महिने काहीच केले नाही. तोवर पावसाळ्यामुळे ओरिसाची बंदरे बंद झाली व मदत पोहोचविणे अशक्य झाले. सुमारे दहा लाख लोक मृत्युमुखी पडले. अधिकाऱ्यांनी अर्थशास्त्रीय सिद्धांतांची जणू मूर्तिपूजा केली, अशी टीका त्याने १८६७ मध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये केली. स्वतःच्या निष्क्रियतेची कबुलीही त्याने पुढे दिली आणि हा सल त्याच्या मनात अखेरपर्यंत राहिला.

१८७४ ते १८७८ या काळात तो पुन्हा भारतमंत्री होता. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवरील चौकशी आयोगात एकमत न होताही त्यांना १८७५ मध्ये पदच्युत करण्यात आले, ते याच काळात. लँकाशरच्या गिरणीमालकांच्या आग्रहामुळे भारतात येणाऱ्या विलायती कापडावरील जकात रद्द व्हावी, असा दबाव त्याने भारत सरकारवर आणला. मुंबईत नुकत्याच उभ्या राहिलेल्या कापडगिरण्यांना हे धोरण मारक होते. या व अफगाणिस्तानविषयक मतभेदांमुळे व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकने १८७६ मध्ये पद सोडले. सनदी सेवेच्या परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्याचा निर्णयही सॉल्झबरीचाच होता. भारतीय उमेदवारांची वाट त्यामुळे जवळजवळ बंद झाली आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी त्याविरुद्ध देशभर चळवळ केली. १८७६–७८ च्या दुष्काळात दख्खन व मद्रास प्रांतांची अपरिमित प्राणहानी झाली, परंतु मदतकार्यात भारत सरकारचा भर काटकसरीवरच राहिला.

सॉल्झबरीची बुद्धी मात्र स्वतःची फसवणूक करून घेणारी नव्हती. भारतातून संपत्तीचे रक्तशोषण व्हायचेच असेल, तर निदान ज्या ग्रामीण भागात आधीच रक्त अपुरे आहे तेथे शस्त्र चालवू नये, अशा आशयाचे टिपण त्याने १८७५ मध्ये लिहिले. दादाभाई नवरोजी यांनी संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत मांडताना भारतमंत्र्याच्याच या कबुलीचा पुरावा म्हणून वारंवार उपयोग केला. ब्रिटिश मतदार कृष्णवर्णी माणसाला निवडून देणार नाहीत, असे सॉल्झबरीने १८८८ मध्ये एडिंबरो येथील भाषणात दादाभाईंना उद्देशून म्हटले. त्यावर ब्रिटनमध्ये मोठी टीका झाली व दादाभाईंचे नाव सर्वतोमुखी झाले. १८९२ च्या निवडणुकीत दादाभाई लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अल्प मताधिक्याने विजयी झाले आणि त्याच निवडणुकीनंतर सॉल्झबरीस सत्ता सोडावी लागली.

तो १८८५–८६, १८८६–९२ व १८९५–१९०२ असा तीन वेळा पंतप्रधान होता आणि यांतील बराच काळ परराष्ट्रखातेही त्याच्याकडेच होते. कायमच्या मैत्रीकरारांत न गुंतता सत्तासमतोल राखणे हे त्याचे धोरण होते. आफ्रिकेच्या वाटणीत त्याने यूरोपीय सत्तांशी युद्ध टाळले, तथापि १८९९ मध्ये सुरू झालेले बोअर युद्ध त्याला टाळता आले नाही. लोकशाहीचा हा विरोधक लोकशाहीचे तंत्र मात्र चांगले जाणत होता. १८८४ मध्ये मतदारसंघांची फेररचना मान्य झाल्याखेरीज मताधिकार वाढवू न देण्याचा आग्रह त्याने धरला. एक सदस्यीय मतदारसंघांमुळे उपनगरांतील मध्यमवर्ग हुजूर पक्षाच्या पाठीशी उभा राहिला. निर्वाचित परगणा मंडळे (१८८८) व मोफत प्राथमिक शिक्षण (१८९१) या सुधारणा त्याच्याच कारकीर्दीतील होत. १९०० मधील मंत्रिमंडळाच्या फेररचनेत त्याने भाचे आर्थर व जेरल्ड बॅल्फोर, जावई लॉर्ड सेल्बर्न व थोरला मुलगा जेम्स यांना पदे दिली, तेव्हा लंडनमधील एका उपाहारगृहाच्या नावावरून या शासनास ‘हॉटेल सेसिल’ असे उपहासाने म्हटले जाऊ लागले. १९०२ मध्ये पंतप्रधानपदही मामाकडून भाच्याकडे, म्हणजे आर्थर बॅल्फोरकडे गेले.

पुढील पिढ्या : तिसऱ्या मार्क्विसच्या मुलांत वडिलांच्या विचारांतील अंतर्विरोध जणू वाटला गेला. चौथा मार्क्विस जेम्स (१८६१–१९४७) व लॉर्ड ह्यू सेसिल (१८६९–१९५६) यांनी हाउस ऑफ लॉर्ड्‌सचे अधिकार मर्यादित करणाऱ्या १९११ च्या कायद्यास कडवा विरोध केला. भारतास प्रांतिक स्वायत्तता देणाऱ्या १९३५ च्या कायद्याच्या विरोधकांतही चौथा मार्क्विस अग्रभागी होता. याउलट त्यांचा भाऊ लॉर्ड रॉबर्ट सेसिल (१८६४–१९५८) याने पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या सनदेच्या रचनेत प्रमुख भाग घेतला. निःशस्त्रीकरणाच्या प्रश्नावर त्याने १९२७ मध्ये मंत्रिपद सोडले. १९३४–३५ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली घेतलेल्या शांतता मतदानात एक कोटीहून अधिक ब्रिटिश नागरिकांनी भाग घेतला. १९३७ मध्ये त्यास शांततेचे नोबेल पारितोषिक लाभले.

पाचवा मार्क्विस रॉबर्ट (१८९३–१९७२) याने इटलीविषयक धोरणाच्या प्रश्नावर १९३८ मध्ये अँथनी ईडनबरोबर राजीनामा दिला. त्याची महत्त्वाची कामगिरी १९४५ नंतरची आहे. मजूर पक्षाला त्या वर्षी प्रचंड बहुमत मिळाले, परंतु हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये हुजूर पक्षाचे वर्चस्व कायम होते. निवडणुकीच्या जाहीरनाम्यात मतदारांपुढे ठेवलेल्या विधेयकास दुसऱ्या वाचनाच्या वेळी लॉर्ड्‌सने विरोध करू नये, असे तत्त्व त्याने विरोधी पक्षनेता या नात्याने स्वीकारले. हा संकेत पुढे ‘सॉल्झबरी संकेत’ म्हणून रूढ झाला. अनिर्वाचित सभागृहाने आपल्या शक्तीला स्वतःहून घातलेली ही मर्यादा होती. त्याच्याच नेतेपदाच्या काळात, जुलै १९४७ मध्ये, भारतीय स्वातंत्र्याचा कायदा लॉर्ड्‌समध्ये अडथळ्याविना संमत झाला. बारा वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांना प्रांतिक स्वायत्तताही मान्य नव्हती. आफ्रिकेच्या बाबतीत मात्र तो तितका उदार नव्हता. सायप्रसचे आर्चबिशप मकारिऑस यांच्या सुटकेवरून त्याने १९५७ मध्ये मंत्रिमंडळ सोडले व पुढे ऱ्होडेशियातील गोऱ्या वसाहतवाल्यांची बाजू घेतली. त्याच्या आजोबांचे नाव धारण करणाऱ्या तेथील राजधानीचे १९८२ मध्ये हरारे असे नामांतर झाले.

घराण्याचा शेवटचा मोठा राजकीय प्रसंग १९९८ मधील होय. टोनी ब्लेअरच्या शासनाने वंशपरंपरागत उमरावांचा लॉर्ड्‌समधील हक्क रद्द करण्याचे ठरविले, तेव्हा तेथील हुजूर पक्षाचा नेता लॉर्ड क्रॅनबर्न (पुढे सातवा मार्क्विस, जन्म १९४६) याने आपल्या पक्षनेत्यास अंधारात ठेवून ब्लेअरशी तडजोड केली. तिच्यानुसार १९९९ च्या कायद्याने ९२ वंशपरंपरागत सदस्यांना तूर्त सभागृहात राहू देण्यात आले. क्रॅनबर्नला मात्र नेतेपद गमवावे लागले. २०१७ मध्ये तो सभागृहातून निवृत्त झाला.

बर्लीपासून क्रॅनबर्नपर्यंत या घराण्याच्या राजकारणात एक सातत्य दिसते. बदल अटळ झाला, की त्याच्याशी वाटाघाट करायची व त्याची गती आपल्या हाती ठेवण्याचा यत्न करायचा, ही त्याची रीत होती. इंग्लंडमध्ये या रीतीने सत्तांतरे बहुधा शांततेने घडली. परंतु ज्यांच्याशी वाटाघाट करण्याची गरज भासत नव्हती, त्या दूरच्या प्रजेच्या वाट्याला हा समंजसपणा फारसा आला नाही. ओरिसाचा दुष्काळ व दादाभाईंचा लढा यांतून या घराण्याच्या कर्तृत्वाची ही मर्यादा स्पष्ट होते.