तराईच्या तापाचे 48 तास

ऑक्टोबर 1861, दार्जिलिंग. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंगची पत्नी शार्लट हिमालय पाहायला गेली होती. इथली फुलं, झाडं, डोंगर ती जलरंगांत उतरवायची. मायदेशी परतायचे दिवस जवळ आले होते.

नोव्हेंबरचा आरंभ, हिमालयाच्या पायथ्याची तराई. परतीची वाट दलदलीच्या जंगलातून होती. इथला ताप, म्हणजे मलेरिया, बदनामच, पण तो डास पसरवतो हे तेव्हा कोणी सिद्ध केलं नव्हतं. कलकत्त्यात तिनं अंथरूण धरलं.

असा ताप मेंदूवर चढू शकतो, आणि त्यामागचा परजीवीचा फेरा घड्याळ लावल्यासारखा असतो. मलेरियाचा फॅल्सिपेरम जातीचा परजीवी तांबड्या पेशीत शिरला की:

पहिले 24 तास: पेशी रक्ताबरोबर वाहत राहतात. रोगी बोलतो, पाणी मागतो, मधेच ‘बरं वाटतंय’ म्हणतो. घात होतो तो इथेच, कारण घरचे उद्यावर ढकलतात.

पुढचे 24 तास: त्याच पेशी मेंदूतल्या केशवाहिन्यांना चिकटतात, रक्ताची वाट तुंबते. ताप गंभीर झाला तर रोगी बरळतो, आकडी येते, शुद्ध हरपते.

48 वा तास: पेशी फुटतात, नवे परजीवी सुटतात आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

18 नोव्हेंबर 1861, कलकत्ता. शार्लट गेली. वय 44. बराकपूरला हुगळीकाठी, तिच्या आवडत्या बागेत तिला पुरलं. क्विनाइन तेव्हा होतं, पण शत्रू कोण ते माहीत नव्हतं. परजीवी डॉ. लाव्हरानला दिसला 1880 मध्ये. डॉ. रोनाल्ड रॉसनं डासातला परजीवी सिकंदराबादला 1897 मध्ये पाहिला आणि पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करून पक्ष्यांच्या मलेरियाचा डासातला प्रवास उलगडला. गव्हर्नर जनरलच्या घरातलं माणूसही अज्ञानामुळे वाचलं नाही, हे मला फार लागतं.

आज घड्याळ आपल्या हातात आहे. बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब मलेरियाच्या तपासणी-पट्टीवर घ्यायचा. परजीवी असेल तर पंधरा-वीस मिनिटांत त्याची रेघ उमटते. रोगी गंभीर असेल तर आर्टेसुनेट या औषधाची पांढरी पूड सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवून शिरेतून देतात: लगेच, मग 12 व्या तासाला, मग 24 व्या. आशियातल्या 1,461 रुग्णांवरच्या चाचणीत (2005) क्विनाइन घेणाऱ्यांपैकी 22 टक्के दगावले, आर्टेसुनेट घेणाऱ्यांपैकी 15 टक्के. ही सुई वेळेत मिळाली तरच कामाची.

गडचिरोलीच्या पाड्यांवर आशाताईंच्या पिशवीत ती पट्टी असते. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. उतरला तरी घ्या.