लेप, बर्फ आणि जिन्याची पायरी

२००४ च्या ऑगस्टमध्ये सचिन तेंडुलकरचे कोपर दुखू लागले आणि ‘टेनिस एल्बो’ महाराष्ट्रात घरोघरी पोचला. दुखणे मात्र सव्वाशेहून अधिक वर्षे जुने होते. १८७३ मध्ये रुंगे या जर्मन डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले, ते लिहून लिहून दमलेल्या हातांबद्दल. मग इंग्लंडला लॉन टेनिसचे वेड लागले आणि १८८२ मध्ये हेन्री मॉरिस यांनी ‘लॅन्सेट’मध्ये टेनिस खेळणाऱ्यांच्या दुखऱ्या हाताचा उल्लेख केला. नाव खेळाडूंचे लागले; कारकून बिचारे मागेच राहिले.

कोपराची असो वा टाचेची, स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा (बोलीत ‘शीर’) दुखावली, की आपल्याकडे आधी सहाण निघायची. आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळायचे, पळीत कोमट करायचे आणि जाडसर लेप थापायचा. रात्रीतून तो सुकून कातडी ओढू लागे, पांघरुणाला डाग पडत ते वेगळेच. कोणी निर्गुडीचा पाला गरम करून शेकायचे, कोणी एरंडाचे पान बांधायचे. शेकाने बरे वाटते यात खोटे काही नाही. पण लेपाचा मोठा गुण बहुधा हा, की तो लावलेला माणूस चार दिवस हात जपून वापरतो.

बर्फाचा शेक आपल्या घरांत रुळला तो फ्रिज आल्यावर. त्यामागे १९७८ चे एक पुस्तक आहे. अमेरिकन डॉक्टर गेब मिर्किन यांनी विश्रांती, बर्फ, घट्ट पट्टी आणि दुखरा अवयव उंच ठेवणे या चार उपायांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘राइस’ हे सूत्र बांधले. ते खरे तर ताज्या दुखापतीसाठी होते, पण महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या दुखण्यालाही लोक तेच लावत राहिले. सुमारे साडेतीन दशकांनी खुद्द मिर्किन यांनीच लिहिले, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे दुखापत भरून यायला उलट उशीर होऊ शकतो.

तोवर उत्तर स्वीडनमधल्या उमेओ गावात वेगळेच घडले होते. हॉकन आल्फ्रेडसन हे हाडांचे डॉक्टर. पळण्याचा नाद आणि टाचेमागची शीर सतत दुखती. त्यांनी शस्त्रक्रिया मागितली. तुम्ही रजेवर गेलात तर काम कोण करणार, म्हणून वरिष्ठांनी नकार दिला. तेव्हा त्यांनी ठरवले, की शिरेवर इतका भार टाकायचा की ती तुटलीच पाहिजे. मग तरी शस्त्रक्रिया करावीच लागेल! शीर तुटली नाही. दुखणेच ओसरले.

हा हट्ट त्यांनी शिस्तीत बसवला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहायचे, चांगल्या पायाच्या जोरावर टाचा वर उचलायच्या, मग भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश पायरीखाली न्यायची. गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन फेरे, वाकवून तीन, आणि हे दिवसातून दोनदा. रोजचे १८० वेळा, बारा आठवडे. थोडे दुखले तरी थांबायचे नाही. दुखेनासे झाले की पाठीवरच्या पिशवीत वजन भरायचे. १९९८ मध्ये त्यांनी १५ हौशी धावपटूंवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पंधराही जण पुन्हा पळू लागले होते.

नंतरच्या अभ्यासांत इतके झळझळीत यश दिसले नाही. शीर जिथे टाचेच्या हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल, तर गुण कमी येतो. तरीही सावकाश भार देण्याचे तत्त्व टिकले आणि कोपरासाठीही ते वापरतात. याउलट कॉर्टिसोन या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवड्यांतच आराम पडतो. पण टेनिस एल्बोच्या चाचण्यांत वर्षभराने ते घेणारे न घेणाऱ्यांच्या मागे पडलेले दिसले.

घरच्या उपायांना मर्यादाही आहेत. टाचेमागे एकाएकी काडकन आवाज झाला आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर पायरी आणि लेप दोन्ही सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे प्रतिजैविक चालू असताना शीर दुखू लागली, तरी पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. अशा औषधांनी शीर तुटू शकते, असा ठळक इशारा त्यांच्या माहितीपत्रकावर छापायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्येच लावले आहे.